कम्प्युटरपुढे बसताना मान सांभाळा



मार्चअखेरच्या कामासाठी एका प्रभागसंघाच्या ऑफिसात गेले होते. दुपारचे तीन वाजले असतील. लेखापाल ताई लॅपटॉपवर नोंदी भरत बसल्या होत्या. ऊन कडक, तरी मानेला ओढणी गच्च गुंडाळलेली. "काय झालं ताई?" म्हणलं, तर म्हणाल्या, "काही नाही, मान धरलीय जरा." जरा बसल्यावर कळलं की हे "जरा" तीन महिन्यांचं आहे. रोज रात्री बाम चोळायचा, फारच दुखलं तर मेडिकलमधून गोळी आणायची आणि सकाळी परत कामाला लागायचं.

"मग सांगितलं का नाही कुणाला?" असं विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या म्हणाल्या, "सांगितलं तर म्हणतील हिला झेपत नाही. दुसरीला घेतील. इतक्या मुश्किलीने कम्प्युटर शिकले, आता मानेपायी सोडू का?"

म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. नाव छापू नका असं ताईंनी सांगितलं, पण "माझी गोष्ट लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल" असंही त्याच म्हणाल्या.

हा विषय आपला का?

पूर्वी गटाचं काम म्हणजे रजिस्टर, पासबुक आणि पेन. आता गटाचे व्यवहार लोकोस ॲपवर भरायचे असतात. सीआरपी ताईंच्या हातात दिवसभर मोबाईल असतो. ग्रामसंघ, प्रभागसंघाच्या ऑफिसात लॅपटॉप आहे. आपल्यातल्या काही जणी सेवा केंद्र चालवतात, दाखले काढून देतात, ऑनलाइन फॉर्म भरतात. ही कामं आपल्या बायकांच्या हातात आली ही चांगली गोष्ट आहे, पण कामाबरोबर त्याचं दुखणंही आलं. आणि कम्प्युटर कसा चालवायचा याचं प्रशिक्षण झालं, तरी त्याच्यापुढे बसायचं कसं हे बहुतेकींना कुणी शिकवलेलं नसतं.

त्यात आपली मान आधीच दमलेली असते. सकाळी पाण्याचा हंडा, मग चुलीपुढे किंवा ओट्यापुढे वाकून स्वयंपाक, हंगामात खुरपणी. त्यानंतर चार तास स्क्रीनपुढे. घरी आल्यावर परत भाजी निवडायची, धुणं, मुलांचा अभ्यास. म्हणजे मान दिवसभर खालीच. ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्यांची गतही हीच. म्हणून "आपण तर कम्प्युटरला हात लावत नाही" असं म्हणून पान उलटू नका. मोबाईल तर जवळजवळ सगळ्यांच्याच हातात आहे.

मानेत नेमकं होतं काय?

बैठकीत एक प्रयोग करून बघा. पाण्याने भरलेला तांब्या हातात घ्या आणि हात अंगाजवळ ठेवा. मिनिटभर काहीच वाटणार नाही. आता तोच तांब्या हात पुढे लांब करून धरा. अर्ध्या मिनिटात खांदा भरून येईल. तांब्या तोच, पाणी तेवढंच, फक्त अंगापासून लांब गेला म्हणून जड झाला.

आपल्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं. पाच किलो ज्वारीची पिशवीच म्हणा ना. मानेत 7 मणके असतात, त्यांच्यावर हे डोकं ठेवलेलं आहे. डोकं खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मणके भार पेलतात आणि स्नायूंना कमी कष्ट पडतात. डोकं पुढे झुकलं की ते पडू नये म्हणून मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं.

अमेरिकेतले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये याचा हिशोब मांडला होता. मान 15 अंश झुकली तर मानेवरचा भार साधारण 12 किलो होतो, 30 अंशाला 18 किलो, 45 अंशाला 22 किलो आणि 60 अंशाला 27 किलो. हा हिशोब कम्प्युटरवर गणित करून काढलेला आहे, त्यामुळे प्रत्येकीचा आकडा अगदी एवढाच येईल असं नाही. पण मुद्दा लक्षात घ्या: मान जितकी खाली, तितका भार जास्त. मांडीवर मोबाईल ठेवून बघताना आपली मान बरीच खाली गेलेली असते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चालताना, काम करताना स्नायू आवळतो आणि सैल होतो, त्यामुळे त्याला रक्त मिळत राहतं. एकाच जागी तासभर मान स्थिर ठेवली की स्नायू सतत आवळलेला राहतो, रक्तपुरवठा कमी होतो, स्नायू दमतो आणि दुखायला लागतो. म्हणून खूप चांगलं बसलं तरी दोन तास हललंच नाही तर मान दुखणारच. बसण्याची एकच अशी बरोबर पद्धत नसते की ती धरली म्हणजे काम झालं. नीट बसायचं आणि मधे मधे हलायचं, दोन्ही लागतं.

झोप कमी, काळजी जास्त, कामाची घाई, यानेही दुखणं वाढतं. ताण असला की आपण नकळत खांदे वर उचलून धरतो. "आजच्या आज भरून पाठवा" असा फोन आला की बघा, खांदे कानाला लागलेले असतात. असे फोन करणाऱ्यांत मी पण आहे, हे इथे मान्य करते.

बसायची जागा नीट करू, खालून वर

त्या ताईंची जागा अशी होती: प्लॅस्टिकची खुर्ची, पुढे गुडघ्याएवढा टीपॉय, त्यावर लॅपटॉप, आणि डाव्या बाजूला खाली जमिनीवर रजिस्टर. एक नोंद बघायला खाली डावीकडे वाकायचं, भरायला परत वर. दिवसातून किती वेळा, कोण मोजणार? आम्ही दोघींनी मिळून जागा बदलली. तुमच्याकडे जे सामान असेल त्यातच हे करता येतं. पायापासून सुरुवात करा.

पाय: दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आपल्यातल्या बऱ्याच जणी उंचीने कमी, आणि खुर्च्या उंच. पाय लोंबकळले की आपण खुर्चीत पुढे सरकतो, पाठीचा आधार सुटतो आणि मान पुढे जाते. पायाखाली पाट ठेवा, नाही तर दोन विटा कापडात गुंडाळून ठेवा. गुडघे साधारण कमरेच्या पातळीला आले की झालं.

पाठ: खुर्चीत अगदी मागे सरकून बसा. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवा. खुर्ची खोल बसत असेल तर खालीही गोधडीची घडी घ्या. कंबर सरळ राहिली की मान आपोआप अर्धी सरळ होते. मानेचं दुखणं पुष्कळदा कमरेपासून सुरू होतं ते असं.

कोपर: कोपर अंगाजवळ, आणि हात कोपरात साधारण काटकोनात. कीबोर्ड आणि माऊस जवळ ओढून घ्या. माऊस लांब असेल तर तो हात सारखा पुढे ताणलेला राहतो, आणि तांब्याची गोष्ट आठवा. मग एकाच बाजूचा खांदा आणि मान दुखायला लागते. मनगट आणि हात टेबलावर टेकू द्या.

स्क्रीन: स्क्रीन बरोबर समोर पाहिजे, तिरका नको. हात लांब केला की बोटं स्क्रीनला लागतील एवढं अंतर ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. लॅपटॉपची अडचण अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकाला जोडलेले असतात. स्क्रीन वर घेतला तर हात वर जातात, हात खाली ठेवले तर मान खाली जाते. यावर उपाय म्हणजे वेगळा कीबोर्ड आणि माऊस. साधा जोड हजार रुपयांच्या आत मिळतो. लॅपटॉप जुन्या भरलेल्या रजिस्टरांच्या थप्पीवर ठेवायचा आणि कीबोर्ड खाली टेबलावर. त्या ताईंसाठी आम्ही 5 जुनी रजिस्टरं लावली आणि टीपॉयऐवजी बैठकीचं मोठं टेबल घेतलं.

वेगळा कीबोर्ड नसेल तर? मग काम वाटून घ्या. टाइप करताना लॅपटॉप खाली टेबलावर, पण स्क्रीन मागे झुकवलेला. नुसतं वाचायचं, तपासायचं, ऑनलाइन बैठक ऐकायची असेल तेव्हा लॅपटॉप उचलून थप्पीवर. आणि अशा वेळी विश्रांती जास्त वेळा घ्या.

रजिस्टर: ज्यातून बघून भरायचं ते रजिस्टर स्क्रीनच्या शेजारी, स्क्रीनच्याच अंतरावर, उभं ठेवा. पोथी वाचायला ठेवतो तसं लाकडी स्टँड असेल तर उत्तम. नाही तर भिंतीला, डब्याला टेकवून, चिमटा लावून उभं करा. रोज एकाच बाजूला नको, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. शक्य असेल तर दोघी बसा: एकीने वाचायचं, दुसरीने भरायचं, अर्ध्या तासाने जागा बदलायची. यात चुकाही कमी होतात.

उजेड: खिडकी पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चकाकी येते, समोर असेल तर डोळे दिपतात. दोन्ही वेळा आपण नीट दिसावं म्हणून डोकं पुढे काढतो. खिडकी बाजूला येईल असं बसा.

चष्मा: हे फार जणींना लक्षात येत नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो. चष्मा नसला की आपण वाकून स्क्रीनमध्ये डोकं घालतो आणि दुखणं मानेला लागतं. डोळे तपासून घ्या. वर लांबचा आणि खाली जवळचा असा दोन्ही नंबरचा चष्मा असेल तर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते. अशांनी स्क्रीन थोडा आणखी खाली ठेवावा. अक्षर बारीक वाटत असेल तर कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि अधिकचं चिन्ह दाबा. ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी होतात. डोळे बारीक करण्यापेक्षा अक्षर मोठं करा.

खाली बसून काम करणाऱ्यांसाठी: घरी टेबल-खुर्ची नसते, मांडी घालून लॅपटॉप पुढ्यात घेतो. चालेल, पण लॅपटॉप मांडीवर नको, चौरंगावर ठेवा. पाठ भिंतीला टेकवा, बुडाखाली गोधडीची घडी घ्या म्हणजे कंबर सरळ राहते. पंधरा-वीस मिनिटांनी मांडी बदला. पलंगावर पालथं पडून किंवा उशीला टेकून अर्धवट आडवं होऊन काम करू नका, त्यात मान सगळ्यात वाईट वाकते.

फोन आला तर कान आणि खांद्यामध्ये धरून टायपिंग चालू ठेवायची सवय अनेकींना आहे. ती आजच सोडा. स्पीकर लावा, इअरफोन घाला, नाही तर दोन मिनिटं काम थांबवा आणि उभं राहून बोला.

मोबाईलची वेगळी काळजी

सीआरपी ताईंचं बरंचसं काम मोबाईलवरच असतं, तेही कुणाच्या तरी ओट्यावर, सतरंजीवर बसून.

मोबाईल डोळ्याकडे आणा, डोळे मोबाईलकडे नेऊ नका. छातीच्या वर, हनुवटीच्या जवळपास धरा. हात दमतो, म्हणून त्या हाताचं कोपर दुसऱ्या हाताने धरा किंवा मांडीवर ठेवलेल्या पिशवीवर, उशीवर टेकवा. थोडं खाली बघायचंच झालं तर आधी फक्त डोळे खाली करा, मान नंतर.

लांबलचक मेसेज अंगठ्याने टाइप करू नका. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. चुका होतात, त्या नंतर दुरुस्त करा. मान वाचते, अंगठाही वाचतो. सदस्यांच्या नोंदी मोबाईलवर भरताना एका बैठकीत सगळ्या गटांचं उरकायचा हट्ट नको. एका गटाचं झालं की उठून पाणी प्या, मग दुसरा गट घ्या.

रात्री आडवं पडून, उंच उशीवर मान वाकवून तासभर व्हिडिओ बघणं हेही कामच आहे, मानेच्या दृष्टीने. दिवसाचं दुखणं रात्री भरून यायला पाहिजे, तिथे आपण आणखी भर घालतो.

दर अर्ध्या तासाने उठा

मोबाईलमध्ये अर्ध्या तासाचा गजर लावा. वाजला की उभं राहा. एक-दोन मिनिटं पुरतात. माठातलं पाणी प्या, दारापर्यंत जाऊन या, हात वर करून आळस द्या. पाण्याची बाटली शेजारी ठेवण्यापेक्षा माठ लांब ठेवा, म्हणजे उठावं लागेल. आणि ऑफिसात संडासाची सोय नाही म्हणून पाणीच न पिणं हे आपल्यातल्या किती जणी करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर शेवटी बोलू.

डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांबवर, साधारण 20 फूट किंवा त्यापलीकडे, बघायचं. समोरच्या झाडाकडे बघा. डोळे दमले नाहीत तर डोकं पुढे जात नाही.

रोजचे पाच व्यायाम

सगळे मिळून दहा मिनिटं लागतात. सकाळी एकदा, दुपारी कामाच्या मधे एकदा. खुर्चीत किंवा मांडी घालून ताठ बसा, श्वास रोखू नका, सगळं सावकाश करा.

1. हनुवटी मागे घेणे. नजर समोर. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्या, जणू कुणी बोटाने मागे ढकललीय. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसली की बरोबर झालं. 5 सेकंद धरा, सोडा. 10 वेळा. स्क्रीनपुढे डोकं पुढे जाण्याची सवय मोडायला हा सगळ्यात उपयोगी.

2. खांदे वर-खाली. दोन्ही खांदे कानाकडे उचला, 3 सेकंद धरा, एकदम सैल सोडा. 10 वेळा. मग खांदे मागच्या दिशेने गोल फिरवा, 10 वेळा.

3. पाती जवळ आणणे. पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे ओढा, छाती उघडेल. खांदे वर उचलू नका. 5 सेकंद धरा. 10 वेळा.

4. मान वळवणे आणि झुकवणे. उजव्या खांद्यापलीकडे बघा, मध्ये या, डावीकडे बघा. दोन्हीकडे 5 वेळा. मग उजवा कान उजव्या खांद्याकडे न्या, खांदा वर येऊ देऊ नका. 15 ते 20 सेकंद थांबा. तसंच डावीकडे. दोन-दोन वेळा.

5. हाताने विरोध. तळहात कपाळावर ठेवा, डोक्याने हात ढकला आणि हाताने डोकं अडवा. डोकं हलता कामा नये. हलकाच जोर लावा. 5 सेकंद, 5 वेळा. असंच डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना. याने मानेची ताकद वाढते. मान ताजी दुखत असेल तेव्हा हा व्यायाम थांबवा, बाकीचे हळूहळू करा.

मान चक्कीसारखी गरगर गोल फिरवू नका, झटके देऊ नका. ताण जाणवला तर ठीक, पण कळ आली, हाताला मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. ज्यांना आधीच मणक्याचा आजार आहे किंवा मानेला मार लागला होता, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

याशिवाय रोज अर्धा तास भरभर चालणं मानेलाही चांगलं. "दिवसभर कामच तर करतो, वेगळा व्यायाम कशाला?" असं आपण म्हणतो. पण घरातलं काम बहुतेक पुढे वाकून असतं. व्यायामात आपण त्याच्या उलट दिशेला जातो, म्हणून तो वेगळा हवा.

दुखायला लागलंच तर

साधी मान धरली असेल तर बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होते. घाबरून अंथरूण धरू नका. सोसेल तेवढी हालचाल चालू ठेवा. गरम पाण्याच्या पिशवीने किंवा गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने 15 मिनिटं शेक द्या. चटका बसणार नाही हे बघा, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी. उशी अशी हवी की कुशीवर झोपल्यावर मान वर-खाली न होता सरळ राहील. दोन उशा नकोत, आणि पालथं झोपू नका.

गोळ्यांबद्दल: मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्याच्या गोळ्या रोज आणून खाऊ नका. अशा गोळ्या सतत घेतल्या तर पोटात जखमा होऊ शकतात, किडनीवर परिणाम होऊ शकतो. बीपी, किडनी, पोटाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर विचारल्याशिवाय एकही नको.

मानेचा पट्टा शेजारणीचा आणून घालू नका. डॉक्टरांनी न सांगता तो दिवसेंदिवस घातला तर स्नायू आणखी कमजोर होतात. आणि मान मोडून, झटका देऊन "नस बसवून" देणाऱ्यांकडे जाऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्याने त्यांना इजा झाली तर क्वचित, पण लकवाही होऊ शकतो.

आणखी एक. एक्स-रेत "मणक्यात गॅप आलाय" असं ऐकलं की आपण आयुष्यभर जायबंदी झालो असं वाटतं. वयानुसार मणक्यात असे बदल होतात, आणि ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळ लोकांच्या एक-रेतही ते दिसतात. त्यामुळे नुसत्या फोटोने खचून जाऊ नका, पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

वेळ न घालवता दवाखान्यात कधी?

- दुखणं मानेतून हातात उतरतंय, हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड कमी झालीय, हातातून भांडं निसटतंय.
- चालताना तोल जातोय, पाय जड पडतायत, लघवी-संडासवरचा ताबा गेलाय.
- पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातानंतर मान दुखतेय.
- मान दुखीबरोबर ताप, तीव्र डोकेदुखी, मान पुढे वाकतच नाही.
- रात्री झोपू न देणारं दुखणं, वजन कमी होतंय.
- छातीत दाब, घाम, दम, आणि दुखणं मान, जबडा किंवा हातात जातंय. हे मानेचं नसून हृदयाचं असू शकतं. 108 ला फोन करा, शेक देत बसू नका.

यातलं काहीच नाही, पण काळजी घेऊनही चार-सहा आठवड्यांत फरक नाही, तरी दाखवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथून गरज असेल तर पुढे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. फिजिओथेरपीची सोय कुठे आहे ते विचारून घ्या. आशाताईंनाही विचारता येईल.

संघाने काय करायचं?

त्या ताईंची मान पाच-सहा आठवड्यांत निम्म्याहून जास्त बरी झाली. पूर्ण नाही. अजूनही कामाचा ढीग आला की दुखते, पण गोळी बंद आहे. जागा बदलली, व्यायाम केले, याचा फायदा झालाच. पण मला वाटतं त्याहून मोठा फरक दुसऱ्या गोष्टीने पडला. त्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीत आपलं दुखणं मोठ्याने सांगितलं. पुढे काय झालं? कुणी त्यांना काढलं नाही. उलट कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, "माझीपण दुखते, मी बोलले नव्हते." मग आणखी दोघी बोलल्या. त्याच बैठकीत कीबोर्ड-माऊस घ्यायचा ठराव झाला.

बाईचं दुखणं घरात मोजलं जात नाही, आपण स्वतःही मोजत नाही. निदान आपल्या संघात तरी ते मोजलं जावं. दशसूत्रीत आरोग्य आहेच, ते काम करणाऱ्या ताईंनाही लागू आहे. म्हणून प्रत्येक ग्रामसंघ, प्रभागसंघाने या गोष्टी बैठकीत घ्याव्यात:

- लॅपटॉपवर काम करणाऱ्या ताईंना टेकू असलेली खुर्ची, योग्य उंचीचं टेबल, वेगळा कीबोर्ड आणि माऊस. खर्च ठरावाने करा, पावती ठेवा. चांगली खुर्ची पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. दिवसभर बसणारीला द्या.
- नोंदी महिनाअखेरीला एकदम न भरता आठवड्याला थोड्या थोड्या भरायच्या. गटांनी रजिस्टर वेळेवर द्यायचं. तुमचं रजिस्टर चार दिवस उशिरा आलं की कुणाची तरी मान रात्री अकरापर्यंत वाकलेली असते.
- एकीवरच सगळं नको. आणखी एकीला नोंदी भरायला शिकवा.
- ऑफिसात पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी संडास, हे दोन्ही असलंच पाहिजे.

आम्हा समन्वयकांकडूनही एक: माहिती हवी असेल तर शक्यतो दोन दिवस आधी सांगू. मी माझ्यापुरतं हे ठरवलं आहे. विसरले तर आठवण करून द्या.

बैठकीत करून बघा

मैत्रिणीला काम करताना बाजूने तुमचा फोटो काढायला सांगा, न सांगता, अचानक. मग फोटो बघा. गवंडी ओळंबा सोडतो तशी कानापासून सरळ खाली रेघ धरा. ती खांद्यावर येते की खांद्याच्या पुढे पडते? खूप पुढे पडत असेल तर जागा बदला आणि महिन्याने परत फोटो काढा. मग या प्रश्नांवर बोला:

1. आपल्या गटात किती जणींची मान दुखते? कुठलं काम करताना जास्त?
2. त्यातल्या किती जणींनी घरी किंवा ऑफिसात सांगितलं? नसेल सांगितलं तर का?
3. आपल्याकडच्या सामानात बसायची जागा कशी सुधारता येईल?
4. या महिन्यात कुठला एक ठराव करायचा?

बैठकीची सुरुवात प्रार्थनेने होतेच. त्यानंतर पाच मिनिटं हे व्यायाम सगळ्यांनी मिळून करावेत. पहिल्या दिवशी हसू येतं, आमच्याकडेही आलं. दुसऱ्या बैठकीला मात्र सत्तरीच्या एक आजी आधीच हनुवटी मागे घेऊन तयार बसल्या होत्या.